दिव्याची साक्ष : इतवारीच्या परिसरातील मोटार-विजेच्या कारागिरीचा मागोवा

नागपुरातील जुन्या वस्त्यांपैकी अनेकींची नावे आठवड्याच्या वारांवरून पडलेली आहेत. शुक्रवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिवारी यांच्याच रांगेत इतवारी येते; इतवारच्या, म्हणजे रविवारच्या बाजारावरून हे नाव रूढ झाले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी लहान लहान वाड्या एकत्र करून शहराचा पाया घातला, पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी ते राजधानीचे ठिकाण केले, आणि भोसल्यांच्या महालाच्या शेजारी जी व्यापारी वस्ती वाढत गेली ती मध्य भारतातील एक मोठी घाऊक बाजारपेठ ठरली. या पेठेची रचना ‘ओळ’ या नागपुरी शब्दात सामावलेली आहे. ओळ म्हणजे एकाच मालाच्या दुकानांची गल्ली; लोहा ओळ, सराफा ओळ, किराणा ओळ ही नावे आजही चालतात. या सर्व ओळींना जोडणारा एक समान धागा आहे, तो पारखेचा. सराफ सोन्याची रेघ कसोटीच्या दगडावर ओढून कस पाहतो, धान्याचा व्यापारी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून तळाचा दाणा वर काढतो, आणि डोळ्यांना जे दिसते त्यावर विसंबून न राहता आत काय आहे ते तपासूनच सौदा होतो. मोटारीच्या विजेतील दोष शोधण्याची कारागिरी या परिसरात फार उशिरा आली. परंतु तिचा आत्मा याच पारखेच्या परंपरेतला आहे, आणि तिचा इतिहास त्याच नजरेने वाचला तर अधिक नीट उलगडतो.

मोटार या शहरात येण्याआधी वाहतुकीचे जाळे येथे विणले गेलेले होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, १८८० नंतर छत्तीसगडच्या दिशेने लोहमार्ग निघाला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे वाढवला, आणि त्या मार्गावरील इतवारी स्थानकामुळे धान्य, लाकूड व किराणा थेट बाजाराच्या दाराशी उतरू लागला. मुंबईहून कोलकात्याकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे हमरस्तेही याच शहरात एकमेकांना छेदतात. पुढे त्यांना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ व ७ म्हटले गेले आणि आता ते ५३ व ४४ या क्रमांकांनी ओळखले जातात. मोटार वाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा आणि त्याची जागा घेणारा १९३९ चा. या पंचवीस वर्षांत मोटार ही साहेबाच्या किंवा संस्थानिकाच्या मिरवण्याची वस्तू न राहता मालाची आणि प्रवाशांची गरज बनली. विदर्भातील सरकारी बससेवा ‘प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ या नावाने चालत असे व १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. नागपूर सुधार प्रन्यासाने जुन्या दाट वस्तीतून काढलेला सेंट्रल अव्हेन्यू हा रुंद रस्ता या कथेत विशेष महत्त्वाचा आहे, कारण इतवारीच्या ओळींत मोटार उभी करण्यास जागा नव्हती, आणि ज्या व्यवसायाला गाडीच समोर उभी लागते तो व्यवसाय साहजिकच पेठेच्या कडेला, रुंद रस्त्यांच्या अंगाने विसावला.

सुरुवातीच्या मोटारींत वीज फारशी नव्हती. इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी मॅग्नेटो, म्हणजे लोहचुंबकाच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करणारे यंत्र असे, आणि दिवे कार्बाइडच्या वायूवर किंवा तेलावर जळत. विजेवर चालणारी ‘सेल्फ’, म्हणजे हातातील हँडल न फिरवता इंजिन सुरू करणारी मोटर, रूढ झाली तेव्हा मोठ्या बॅटरीची गरज निर्माण झाली. बॅटरी भरत ठेवण्यासाठी डायनामो आला, आणि इंजिन मंद चालत असताना बॅटरीतील वीज उलट डायनामोत वाहून जाऊ नये म्हणून ‘कटआऊट’ नावाची आपोआप तुटणारी-जुळणारी कळ आली. ‘सेल्फ-डायनामो रिपेरिंग’ अशी पाटी लावणारा कारागीर या तीन वस्तूंतून घडला. त्याच्या विद्येचा गाभा मात्र एका साध्या गोष्टीत होता. घरातील दिव्याला जाणारी आणि परत येणारी अशा दोन तारा लागतात. मोटारीत परतीची तार बहुधा नसतेच, तिचे काम गाडीचे लोखंडी अंगच करते. या अंगाला कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी’ म्हणतात. बॅटरीचे एक टोक बॉडीला जोडलेले असते, दुसऱ्या टोकाची वीज फ्यूज, कळ आणि तार यांतून दिव्यापर्यंत जाते व बॉडीतून परत येते. त्यामुळे दिवा न लागण्याची कारणे जितकी तारेत असतात तितकीच गंजलेल्या अर्थमध्येही असतात, आणि अनुभवी मिस्त्री तारेवर संशय घेण्याआधी अर्थचा बोल्ट घासून पाहतो.

हा शोध ज्या साधनाने घेतला जाई ते साधन जवळून पाहण्यासारखे आहे. एका होल्डरमध्ये बसवलेला बारा व्होल्टचा बल्ब, त्यातून निघालेल्या दोन तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार सुई, एवढाच हा ‘टेस्ट लॅम्प’. चिमटा बॉडीला लावायचा आणि सुई तारेच्या वेष्टणातून आत टोचायची. बल्ब लागला तर त्या ठिकाणापर्यंत वीज आलेली आहे, न लागला तर दोष त्याच्या अलीकडे आहे. कुशल हात टोकापासून टोकापर्यंत तपासत बसत नाही. तो मार्गाच्या मध्यावर सुई टोचतो, अर्धा मार्ग निर्दोष ठरवून बाजूला सारतो, उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मध्यावर जातो, आणि चार-पाच टोचण्यांत तुटलेल्या जागी पोहोचतो. ‘करंट इथवर येऊन राहिला, पुढे जाऊन नाही राहिला’ हे नागपुरी वाक्य म्हणजे या संपूर्ण तर्कशास्त्राचे सार होय. पोत्याच्या तळाचा दाणा काढणारी नळी आणि तारेत शिरणारी सुई यांचे काम एकच आहे: झाकलेल्या गोष्टीला साक्ष द्यायला लावणे.

हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये आणि वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरची सुमारे चार दशके अॅम्बॅसेडर आणि फियाट या दोन गाड्यांनी देशातील मोटार-कारागिरी घडवली. मायको या नावाने ओळखली जाणारी बॉशची बंगळूरची कंपनी १९५१ ची आणि मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ ची. स्पार्क प्लग, डायनामो, सेल्फ यांचे भाग देशातच मिळू लागले आणि दुरुस्ती म्हणजे भाग बदलणे नव्हे तर तो उघडून आर्मेचरची, म्हणजे आतील फिरत्या भागाची, तार नव्याने गुंडाळणे, झिजलेले कार्बन बदलणे, ही समज पक्की झाली. गाड्या फार थोड्या प्रकारच्या असल्याने संपूर्ण वायरिंग, म्हणजे तारांची जुडगी, कारागिराला तोंडपाठ असे. ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हातांतून हातांत जाई; १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणाला चौकट दिली, तरी गल्लीतील गॅरेज हीच पुष्कळांची खरी शाळा राहिली.

या स्थिर जगाला पहिला धक्का डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० च्या आगमनाने बसला, आणि दुसरा, अधिक खोल धक्का इ. स. २००० च्या सुमारास, प्रदूषणाचे नियम कडक होऊन कार्ब्युरेटरच्या जागी संगणकाच्या ताब्यातील इंधन-फवारणी आली तेव्हा बसला. आता तारेतून वीज जाते की नाही एवढाच प्रश्न उरला नाही. संवेदक, म्हणजे उष्णता, दाब, वेग अशा गोष्टींचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारा भाग, किती व्होल्ट सांगतो हा प्रश्न आला. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत दोनच तारांवरून अनेक संगणक एकमेकांशी बोलतात, आणि त्या तारांवर टेस्ट लॅम्प लावला तर त्यातून काहीही अर्थ निघत नाही. भारतात एप्रिल २०१० पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची, ‘ओबीडी’ नावाची व्यवस्था आली व २०१३ पासून तिचा दुसरा, अधिक काटेकोर टप्पा लागू झाला. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सोळा टोकांच्या सॉकेटला यंत्र जोडले की दोषाचा संकेतांक पडद्यावर उमटतो; ‘पी’ने सुरू होणारा संकेतांक इंजिन व गिअरचा, ‘सी’ने सुरू होणारा ब्रेक व चाकांच्या रचनेचा, ‘बी’ने सुरू होणारा गाडीच्या अंगातील यंत्रणांचा आणि ‘यू’ने सुरू होणारा संगणकांच्या आपसातील संवादाचा असतो. या यंत्राला गॅरेजांत ‘स्कॅनर’ म्हणतात, आणि ‘स्कॅनर लावून पाहू’ हे वाक्य आज ‘सुई टोचून पाहू’च्या जागी आलेले आहे.

सुरक्षेच्या संवेदकांचा इतिहास मात्र याहून जुना आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना हवेच्या उशीचे, म्हणजे एअरबॅगचे एकस्व १९५३ मध्ये मिळाले, परंतु टक्कर झाली हे क्षणार्धात ओळखणारा भाग नसल्याने ती कल्पना कागदावर राहिली. अॅलन ब्रीड यांनी १९६० नंतरच्या दशकात नळीतील चेंडूचा संवेदक तयार केला. चुंबकाने धरून ठेवलेला धातूचा चेंडू धडकेच्या वेगाने सुटतो आणि दोन संपर्कबिंदू जोडतो, एवढी त्याची रचना होती. चाक जाम होऊ न देणारी ‘एबीएस’ ब्रेक-यंत्रणा १९७८ मध्ये आणि एअरबॅग १९८० च्या अखेरीस मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली, आणि १९९० नंतरच्या दशकात चेंडूची जागा सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म वेगबदल-मापकाने घेतली. भारतात पुढच्या आसनांना सीट बेल्ट बसवणे १९९४ पासून आवश्यक झाले, एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ अखेर चालकाच्या शेजारील आसनालाही ती अनिवार्य ठरली. २०१९ पासूनच्या या नियमांच्या काळात रस्ते वाहतूक खाते ज्यांच्याकडे होते ते नितीन गडकरी नागपूरचे खासदार असून त्यांचा वाडा इतवारीला लागून असलेल्या महाल या वस्तीत आहे. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा त्यांच्या मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढला व पुढे ती सक्ती झाली नाही, तरी ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी सुरू झाल्याने त्या दिशेची वाटचाल थांबली नाही.

एअरबॅगच्या विद्युतमार्गाने या कारागिरीपुढे जो प्रश्न उभा केला तो आधीच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा वेगळा होता. भोंगा बिघडला तर वाजत नाही, दिवा बिघडला तर लागत नाही. त्या वस्तू रोज वापरात असल्याने स्वतःचा दोष स्वतःच सांगतात. एअरबॅग मात्र वर्षानुवर्षे निश्चल असते आणि तिने एकदाच, डोळ्याची पापणी लवण्याआधी, न चुकता फुलायचे असते. तिच्या मुळाशी ‘स्क्विब’ म्हणजे बारीक तारेची ठिणगी-कांडी असते. या तारेचा विद्युतरोध सुमारे दोन ओहम असतो व एक ॲम्पिअरच्या आसपासचा प्रवाह क्षणभर गेला तरी ती पेटून वायू तयार करणारे रसायन जळते. टेस्ट लॅम्पमध्ये इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब असेल तर तो बारा व्होल्टवर पावणेदोन ॲम्पिअर प्रवाह घेतो. याचा सरळ अर्थ असा, की ज्या टेस्ट लॅम्पने तीन पिढ्यांची भाकर कमावली तोच या मार्गात टोचला तर समोर वाकलेल्या कारागिराच्या तोंडावर एअरबॅग फुटू शकते. म्हणून या तारांच्या जोडण्या ठळक पिवळ्या रंगाच्या ठेवण्याची पद्धत पडली, जोडणी सुटताच दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकणारी पट्टी तिच्या आत बसवली गेली, आणि कामाला हात लावण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटे थांबण्याचा नियम आला, कारण बॅटरी तुटली तरी एअरबॅगच्या संगणकातील धारित्र, म्हणजे वीज साठवणारा भाग, काही काळ भरलेला राहतो. साधा मल्टिमीटरही स्क्विबला लावायचा नसतो. एअरबॅग सोडवून तिच्या जागी दोन ओहमचा रोधक लावायचा आणि संगणकाची तक्रार थांबते का ते पाहायचे. तक्रार थांबली तर दोष एअरबॅगमध्ये, न थांबली तर तारेत किंवा संगणकात. मध्यावर टोचून अर्धा मार्ग बाजूला सारण्याचे जुने तर्कशास्त्र येथे तसेच टिकले. बदलले ते फक्त हत्यार.

प्रत्यक्षात सापडणारे दोष बहुधा महागड्या भागांत नसून जोडण्यांत असतात. स्टिअरिंगच्या आत चपट्या फितीसारखी गुंडाळलेली तार असते, तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. चाक फिरले तरी तार तुटू नये म्हणून ती घड्याळाच्या कमानीप्रमाणे उलगडते व मिटते. अनेक गाड्यांत भोंग्याची आणि चालकाच्या एअरबॅगची वीज याच फितीतून जाते, त्यामुळे भोंगा बंद पडणे आणि एअरबॅगचा दिवा लागणे या दोन गोष्टी एकदम घडल्या तर जाणता कारागीर आधी या फितीकडे पाहतो. आसनाखालील पिवळी जोडणी आसन मागे-पुढे सरकवण्याने ताणली जाते. तिच्या टोकांवर चढलेला बारीक गंज एखाद्या ओहमची भर घालतो आणि दोनच ओहमच्या मार्गात ती भर संगणकाला पुरेशी संशयास्पद वाटते. एबीएसचा संवेदक चाकाजवळच्या दातेरी कड्यापासून अगदी थोड्या अंतरावर असतो. काळ्या मातीचा लेप किंवा ब्रेकचे लोहचूर्ण त्याच्या चुंबकाला चिकटले की चाक फिरत असूनही ते थांबले असल्याचा खोटा निरोप जातो. नागपूरचे हवामानही या दोषांत भर घालते: मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हात तारांचे वेष्टण कडक होऊन तडकते, धान्याच्या गोदामांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि पावसाळ्यात पायाखालच्या गालिच्यात मुरलेले पाणी जोडण्यांपर्यंत पोहोचते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा असंख्य मोटारी बुडाल्या. एअरबॅगचा संगणक पुष्कळ गाड्यांत दोन आसनांच्या मध्ये, तळाशीच बसवलेला असतो. त्यामुळे इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणजे गाडी बरी झाली असे पुरात सापडलेल्या मोटारीबद्दल म्हणता येत नाही.

स्कॅनरच्या मर्यादेचा विचार येथेच करावा लागतो. ‘चालकाच्या एअरबॅगच्या मार्गात रोध अधिक’ असा संकेतांक आला, तर यंत्राने केवळ मार्ग सांगितला, जागा सांगितली नाही. तो मार्ग संगणक, जोडणी, क्लॉक स्प्रिंग, दुसरी जोडणी आणि स्क्विब असा लांब असतो, आणि संकेतांक वाचून थेट एअरबॅग बदलणे म्हणजे पोत्यावरील चिठ्ठी वाचून धान्याचा भाव ठरवण्यासारखे आहे. शिवाय काही दोष हजर असतात आणि काही भूतकाळातील नोंदी असतात. तार हलवली की प्रकटणारा आणि गाडी उभी केली की लपणारा दोष पकडण्यासाठी जुडगी हातात धरून, इंचाइंचाने वाकवत, पडद्यावरील आकडा पाहत राहावे लागते. हा संयम कोणत्याही यंत्रात भरून मिळत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आज मोटारीच्या वीज व इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि त्याचे मोल यातच आहे की शागिर्दाला आकडा आणि तार या दोहोंची भाषा एकत्र शिकता येते.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. तो लागलाच नाही किंवा लागलेलाच राहिला, तर दोष आहे असे समजायचे असते. एअरबॅग फुटलेली गाडी स्वस्तात दुरुस्त करून विकताना नवी एअरबॅग न बसवता तिच्या जागी रोधक जोडून संगणकाला फसवण्याची, किंवा एअरबॅगच्या दिव्याची तार दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडून तो वेळेवर विझल्याचा देखावा करण्याची लबाडी जगभरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारांत आढळली आहे. निदानासाठी जो रोधक काही मिनिटे लावायचा, तोच कायमचा ठेवला की विद्येचे रूपांतर गुन्ह्यात होते. पितळेवर सोन्याचा मुलामा देऊन ते खपवणाऱ्याने फक्त पैसा लुबाडलेला असतो. दिवा विझवून गाडी देणाऱ्याने, पुढे कधीतरी समृद्धी महामार्गावर ताशी शंभराच्या वेगाने जाणाऱ्या एका अनोळखी कुटुंबाचा जीव लुबाडलेला असतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरातच ‘आय-रस्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्करीचा इशारा देणारे कॅमेरे बसवून, त्यांच्या नोंदींवरून शहरातील धोक्याच्या जागा ओळखण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्यात केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, इंटेल व महानगरपालिका यांचा सहभाग होता. काचेवरील कॅमेरा, बंपरमधील रडार, चाकातील दाबमापक अशी संवेदकांची संख्या यापुढे वाढतच जाणार आहे, आणि त्यांतील प्रत्येकाची तार कुठेतरी गंजणार, ताणली जाणार, कुरतडली जाणार आहे. टेस्ट लॅम्पच्या काळात दिवा लागला की कारागिराला सत्य कळे. आज समोरच्या फलकावरील दिवा लागला की ग्राहकाला सत्य कळते. दिव्याची ही साक्ष खरी ठेवणे हेच या व्यवसायाचे तेव्हाही काम होते आणि आताही आहे. म्हणून गाडीच्या मालकाने दुरुस्तीनंतर एवढे अवश्य करावे: चावी फिरवून एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग विझतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि दोष नेमका कोणत्या जोडणीत सापडला ते दाखवण्यास कारागिराला सांगावे. ज्याने तो दोष खरोखर शोधला आहे, तो जागा दाखवू शकतो.